पालेभाजीचा नेम आणि रक्ताची गोळी



मागच्या रविवारी अभिषेक झाल्यावर मंदिराच्या ओसरीत एक वहिनी भेटल्या. त्यांच्या यजमानांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. आता ते घरी आलेत, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू आहे. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय, पालेभाजी फार नको. बरं झालं, चातुर्मास तोंडावरच आलाय. चार महिने पालेभाजी बंदच. पथ्य आणि धर्म एकदम साधेल."

मला धस्स झालं. सहा वर्षांपूर्वी मी याच समजुतीत होते, आणि त्यापायी याच मंदिरातून नाकाला पदर लावून बाहेर पडले होते. वहिनींना तिथेच बाजूला घेऊन सांगितलं. पण आपल्यात अशी गोळी चालू असलेली घरं किती तरी असतील. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते आहे, माझी चूकसुद्धा.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही शिखरजीला गेलो होतो. सत्तावीस किलोमीटरची वंदना पायी केली आणि त्याचा आनंद अजून मनात आहे. पण परतीच्या रेल्वेत दोन रात्री बसून काढल्या. वरचा बर्थ मिळाला होता, पाय दुखत होते, म्हणून चढायचं टाळलं. रात्री पाणी घेत नाही, आणि गाडीतल्या संडासात जावं लागू नये म्हणून दिवसाही पाणी कमीच प्यायले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजली, कडक झाली, हात लावला तर गरम. चालून चालून आखडली असेल म्हणून मी तेल लावून चोळत बसले होते. सूनबाईने पाहिलं आणि म्हणाली, "आई, एकच पाय सुजलाय. हे चालल्याने नाही झालेलं." तिने हट्टाने मिरजेला नेलं. सोनोग्राफीसारखी डॉप्लर तपासणी झाली. खोल शिरेत गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, "काकू, चोळत बसू नका. ही सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतेल."

पहिले काही दिवस पोटावर इंजेक्शनं दिली. त्याबरोबर वॉरफॅरिन नावाची गोळी सुरू झाली, ती आजही चालू आहे. पुढच्या तपासण्यांमध्ये माझ्या रक्तात एक दोष निघाला, त्यामुळे गुठळी पुन्हा होण्याचा संभव जास्त. आता बाजारात नव्या गोळ्या आहेत, त्यांना वरचेवर रक्त तपासावं लागत नाही. पण माझ्या या दोषात नव्यांपेक्षा जुनी वॉरफॅरिनच बरी, असं डॉक्टरांनी सांगितलं. बहुतेक जन्मभर.

आता ही गोळी काय करते ते माझ्या भाषेत सांगते. मी कॉमर्सची, १९७७ ची बी.कॉम. मला जमाखर्चाशिवाय काही समजत नाही.

रक्त गोठण्यासाठी आपलं यकृत काही प्रथिनं तयार करतं. त्यातल्या काहींसाठी के जीवनसत्त्व लागतं. ते आपल्याला मुख्यतः हिरव्या पाल्यातून मिळतं. पालक, मेथी, चाकवत, माठ, कोथिंबीर, जितका पाला हिरवागार तितकं जास्त. दुधी, पडवळ, लाल भोपळा यांत ते फार थोडं असतं. वॉरफॅरिन या जीवनसत्त्वाच्या कामात आडवी येते, म्हणून रक्त गोठायला उशीर लागतो. म्हणजे ताटातला पाला एका बाजूला आणि गोळी दुसऱ्या बाजूला. डॉक्टर दोन्ही बाजू बघून गोळीचं माप ठरवतात, आणि शिल्लक बरोबर आहे का ते पाहायला रक्ताची आयएनआर तपासणी करतात. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा हा आकडा एकच्या आसपास असतो. माझा २ आणि ३ च्या मध्ये राहायला हवा. २ च्या खाली गेला तर गुठळीची भीती, ३ च्या बराच वर गेला तर रक्तस्रावाची. काहींना, विशेषतः हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना, याहून थोडा वरचा आकडा सांगतात. तेव्हा आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच विचारून घ्यायचा.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. एका बाजूची रक्कम गुपचूप कमी केली आणि दुसरी तशीच ठेवली, तर ताळेबंद जुळणार नाही. मी नेमकं तेच केलं.

नोव्हेंबरमध्ये गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, खाण्याचे काही नियम आहेत का? मी सांगितलं, कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. चातुर्मास नुकताच संपला होता, तो सांगायचं डोक्यात आलं नाही. ते म्हणाले, "पालेभाजी सोडू नका आणि एकदम जास्तही खाऊ नका. रोज साधारण सारखी असू द्या." थंडीचे दिवस. मेथी, हरभऱ्याचा पाला, शेपू, आठवड्यातून चार दिवस आमच्याकडे पाला असायचाच. त्या खाण्यावर माझं गोळीचं माप बसलं. २.४, २.७, २.५, आकडे छान येत गेले.

जुलै २०१९ मध्ये चातुर्मास लागला. लग्न होऊन आल्यापासून मी चातुर्मासात पालेभाजी खाल्लेली नाही. सासूबाईंनी पहिल्या वर्षी नेम दिला तो एकेचाळीस वर्षं पाळला, बाळंतपणातसुद्धा. पावसाळ्यात पानापानावर सूक्ष्म जीव असतात, म्हणून हा त्याग. तो मला पटलेला आहे. जुलैच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना हे सांगावं असं मनात आलं होतं. खरं सांगते, जिभेवर आलेलं मी गिळलं. वाटलं, हे म्हणतील नेम सोडा. आणि मग मंदिरात बायका विचारतील तेव्हा काय सांगू? एकेचाळीस वर्षांचा नेम मोडला म्हणून?

त्यानंतर ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीकरांना तो सांगायला नको. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. आम्ही मिरजेला नणंदेकडे गेलो. ऑगस्टची तपासणी राहिलीच. पाणी ओसरल्यावर घर धुवायला सगळेच वाकलो. चिखल उपसून उपसून माझी कंबर धरली. औषधाच्या दुकानातून कंबरदुखीची गोळी आणवली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, आणि ती पाच-सहा दिवस घेतली. तोवर दशलक्षण पर्व आलं. घर नुकतंच उभं राहिलेलं, मन थकलेलं. वाटलं, पर्व नीट करू. दहा दिवस एकाशन धरलं.

आता हिशोब बघा. पाला दीड महिना बंद. त्यात एकदाच जेवण, तेही थोडं. वर दुखण्याची गोळी, जी स्वतःच पोटाच्या अस्तराला त्रास देते आणि वॉरफॅरिनबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवते. तपासणी दोन महिने नाही. आणि रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र मी रोज न चुकता घेत होते. घेण्यात मी चोख होते. सांगण्यात नव्हते.

पर्वाच्या चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. ब्रश कडक असेल म्हटलं. पाचव्या दिवशी दंडावर पेल्याएवढा निळा डाग दिसला. बादली लागली असेल म्हटलं. सहावा दिवस उत्तम संयमाचा. पूजेत उभी होते आणि पांढऱ्या साडीवर लाल ठिपका पडला. मग दुसरा. नाक दाबून बाहेर ओसरीत आले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, थांबेना. आमचे हे पळत रिक्षा घेऊन आले.

दवाखान्यात आयएनआर आला ७.९.

तिथे एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजी, खाण्यात काही बदल झालाय का?" आणि मी म्हटलं, "नाही. दरवर्षीचंच." मैत्रिणींनो, हे शब्द मी विसरू शकत नाही. माझ्या दृष्टीने ते खोटं नव्हतं, एकेचाळीस वर्षांत काही बदललं नव्हतंच. पण कुठे तरी मला ठाऊक होतं की हे पूर्ण खरंही नाही. सूनबाई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आई, पालेभाजी बंद आहे ना जुलैपासून? आणि एकाशन? आणि ती कंबरेची गोळी?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

गोळी थांबवली, के जीवनसत्त्वाचं औषध दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. नाकावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, याच आकड्याला मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव झाला असता तर आज आपण बोलत नसतो. पर्वाचे उरलेले दिवस पलंगावर गेले. पडल्या पडल्या आठवलं, दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनात मार्दव धर्म ऐकला होता. मान कषाय कसा नकळत शिरतो हे महाराज सांगत होते, आणि मी मान डोलवत होते. माझा मान पालेभाजीच्या नेमात जाऊन बसला होता, ते मला दिसलं नव्हतं.

बरी झाल्यावर माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. मनात धरूनच गेले की आता नेम सोडायला सांगणार. ते म्हणाले, "काकू, मला तुमच्या नेमाची अडचण नाही. न सांगता झालेल्या बदलाची आहे. तुम्ही तारीख सांगा, मी गोळी जुळवून देतो." इतकं सोपं होतं ते. त्यांनी कागद पुढे केला आणि आपलं वर्ष लिहून घेतलं. चातुर्मास कधी लागतो, कधी संपतो, अष्टमी-चतुर्दशीला काय खात नाही, दशलक्षणात काय, अष्टाह्निकेत काय. म्हणाले, "मला वाटायचं तुमच्यात फक्त बटाटा वर्ज्य."

मी विचारलं, "मग बारा महिने पालाच सोडला तर? म्हणजे बदलच नको." त्यांनी तेही नको म्हटलं. शरीरात के जीवनसत्त्व फारच कमी असलं की आकडा हलका होतो, एखादा दिवस कमी खाल्लं तरी उडी मारतो. थोडं पण नियमित, हे सर्वांत चांगलं. तेव्हा "पालेभाजी फार नको" हे वाक्य ऐकून पाला बंद करू नका. त्या सांगण्याचा अर्थ "सारखी ठेवा" एवढाच असतो.

मग माताजींच्या दर्शनाला गेले. त्या वर्षी त्यांचा चातुर्मास जवळच होता. सगळं सांगितलं, लपवलेलंही. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप यांच्या आधी कोणता शब्द आहे?" शक्तितः. शक्तितस्त्याग, शक्तितस्तप. आपल्या शक्तीप्रमाणे. लहानपणापासून म्हणत आले आणि त्या शब्दावर कधी थांबले नाही. माताजी म्हणाल्या, नेम घेताना औषधाची सूट ठेवून घे, म्हणजे औषध घेतलं की नेम मोडला असं होणार नाही. आणि वैद्यापासून लपवलेला त्याग हा त्याग नव्हे.

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगायला हवी. पायाच्या गुठळीसाठी पहिले दिवस जी हेपरिन जातीची इंजेक्शनं देतात, ती डुकराच्या आतड्यापासून बनवलेली असतात. मला हे नंतर कळलं आणि फार लागलं. माताजींनी प्रायश्चित्त दिलं आणि मन हलकं झालं. प्रयोगशाळेत बनवलेलं फोंडापॅरिनक्स नावाचं इंजेक्शनही असतं. ते आपल्याला चालेल का, हे मूत्रपिंडाचं काम आणि बाकी प्रकृती पाहून डॉक्टरच ठरवतात. वेळ असेल तर अवश्य विचारा. पण गुठळी जिवावर आलेली असताना इंजेक्शन अडवून धरू नका.

आणि गोळीचीही एक गोष्ट आहे. उत्तर अमेरिकेत १९२० च्या दशकात गुरं रक्तस्रावाने मरू लागली होती. कुजलेलं, बुरशी आलेलं गोड क्लोव्हर नावाचं गवत त्यांच्या खाण्यात येत होतं. १९३३ च्या थंडीत एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन बर्फातून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षांनी त्या गवतातलं द्रव्य शोधलं. त्याच घराण्यातलं वॉरफॅरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला विकलं गेलं, आणि १९५४ पासून माणसांचं औषध झालं. हे वाचून मी गोळी हातात धरून बराच वेळ बसले होते. ज्याने कुणाचा तरी जीव घेतला तेच मला जगवतं आहे. फरक फक्त मापाचा आणि लक्षाचा. म्हणून ही गोळी मी डोळे झाकून कधी घेत नाही.

आता माझी रोजची पद्धत सांगते. माझं माप मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते माझं आहे. दुसरीचं वेगळंच असणार.

गोळीची वेळ संध्याकाळी साडेपाच, बारा महिने. डॉक्टर ही गोळी संध्याकाळी घ्यायला सांगतात, म्हणजे सकाळी तपासलेल्या रक्ताचा आकडा पाहून त्याच दिवशी माप बदलता येतं. आपल्याकडे हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सातला. साडेपाच ठेवलं की दोन्ही ऋतूंत जेवण, गोळी, पाणी दिवसाउजेडी होतं. विसरले आणि त्याच दिवशी आठवलं तर घेते, त्यासाठी रात्रीच्या पाण्याची सूट माताजींकडून घेतली आहे. दुसऱ्या दिवशी आठवलं तर गेलेली गोळी गेली. दोन दिवसांच्या दोन गोळ्या एकदम कधीच नाही. वहीत "राहिली" असं लिहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

वही म्हणजे माझा रोजमेळ. चार रकाने: तारीख, गोळी, आयएनआर, शेरा. शेऱ्यात उपवास, ताप, जुलाब, नवीन औषध, गावाला गेले, सगळं. आमचे हे हसतात, म्हणतात, "दुकानाच्या वह्याही इतक्या स्वच्छ नव्हत्या." पण एकदा डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटं चाळली आणि आकडा का चढला ते लगेच सांगितलं. मधल्या काळात मी घशासाठी दुसरीकडून अँटिबायोटिक घेतलं होतं.

वॉरफॅरिन वेगवेगळ्या ताकदीत मिळते, १, २, ३, ५ मिलिग्रॅम. दुकानदाराने पाकीट दिलं की मी आकडा चष्मा लावून वाचते. दोनच्या जागी पाच आली तर अडीचपट झाली. कंपनीही शक्यतो बदलत नाही.

चातुर्मास लागण्याच्या आधी एक तपासणी, लागल्यावर आठवड्याने एक, मग आकडा बसेपर्यंत दर आठवड्याला. गोळीतला किंवा खाण्यातला बदल आकड्यात दिसायला दोन-तीन दिवस तरी लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी तपासून उपयोग नाही. चातुर्मासात माझं माप थोडं उतरतं. आणि तेवढंच महत्त्वाचं, कार्तिकात चातुर्मास संपला की हेच सगळं उलट. तेव्हा धोका गुठळीचा. २०२१ साली थंडीची पहिली मेथी आली आणि मी आठवडाभर दोन वेळा तीच खाल्ली. आकडा १.६ वर आला. आता पाला हळूहळू वाढवते, एक वाटी, ठरलेल्या दिवशी. वहीत तो ठरतो तसा ताटातही.

उपवास मी करते, पण सांगून. निर्जळ उपवास आता नाही. शरीर कोरडं पडलं की गुठळीला निमित्त मिळतं. एकाशन एका दिवसाचं, लागोपाठ दहा नाही. ज्यांच्याकडे नव्या गोळ्या आहेत त्यांनाही सांगते, उपवासाच्या आधी विचाराच. त्यातली रिव्हारोक्सबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती पुरती लागू पडत नाही. उपवासाच्या दिवशी नुसत्या पाण्याबरोबर घेऊन कर्तव्य केल्यासारखं वाटेल, पण काम अर्धंच होईल.

दुखण्यावर दुकानातून परस्पर गोळी आणणं बंद. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, डोकं दुखलं की अ‍ॅस्पिरिन, काहीच नाही. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण तीही रोज रोज घेतली तर आकडा वाढवते. काढे, चूर्णं, "रक्तशुद्धी"ची औषधं, शेजारणीने प्रेमाने दिलेली पुडी, हेही आधी डॉक्टरांना दाखवते. दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगते की अशी गोळी चालू आहे. गोळी थांबवायची की नाही हे ते दोघे बोलून ठरवतात, मी मनाने थांबवत नाही. पर्समध्ये एक चिठ्ठी आहे: गोळीचं नाव, कशासाठी, डॉक्टरांचं आणि मुलाचं नाव-नंबर. शिखरजीच काय, बाहुबलीला गेले तरी ती बरोबर असते. आणि अभिषेकानंतर गाभाऱ्याबाहेरची फरशी ओली असते, तिथे आता कठडा धरून चालते. माझ्यासाठी पडणं हे नुसतं पडणं नाही.

आणि हे फ्रिजच्या दारावर लावून ठेवा. नाकातलं किंवा हिरडीतलं रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबत नाही. शौच डांबरासारखी काळी. लघवी लाल. न लागता उमटलेले मोठे निळे डाग. कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, बोलण्यात किंवा चालण्यात फरक. डोक्यावर आपटणं, मग जखम दिसो वा न दिसो. यातलं काहीही झालं तर पूजा, पाहुणे, पर्व, सगळं बाजूला ठेवून दवाखाना. तसंच पाय पुन्हा सुजला, छातीत दुखलं, दम लागला तरी. माझ्यासारखं "ब्रश कडक असेल" म्हणत बसू नका.

चातुर्मासात पालेभाजी मी आजही खात नाही. सासूबाईंचा नेम तुटलेला नाही, फक्त त्यात आता डॉक्टर आणि माताजी दोघेही सामील आहेत. यंदाच्या तारखा मी डॉक्टरांना कळवल्या. पहिली तपासणी पुढच्या सोमवारी. ओसरीत भेटलेल्या वहिनींचा काल फोन आला, त्याही यजमानांना घेऊन त्याच दिवशी जाणार आहेत. आम्ही एकाच रिक्षाने जाऊ म्हणतो.

तुमच्या घरात कुणाला अशी गोळी चालू असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. एक कागद घ्या, आपल्या घरातले वर्षाचे सगळे नेम त्यावर लिहा, आणि तो कागद डॉक्टरांच्या पुढे ठेवा.

जय जिनेंद्र.